बर्फातलं इरलं

शनिवार. सकाळचे साडेअकरा. तिसरा चहा चालू आहे. बोटं अजून नीट वळत नाहीयेत, त्यामुळे टायपिंगच्या चुका पदरात घ्या. गेले तीन वीकांत काहीच लिहिलं नाही म्हणून दोघातिघांनी मेल टाकून विचारलं, "आहेस का गाडला गेलास?" तर मंडळी, आहे. पण गाडला जाणं म्हणजे काय ते आता थोडंफार कळायला लागलंय.

जे नवीन वाचताहेत त्यांच्यासाठी: मी मूळचा भिवंडी तालुक्यातला. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, पोटापाण्यासाठी आयटीत (यावर मागे एकदा लिहून झालंय, पुन्हा रडत नाही). दोन वर्षांपूर्वी कंपनीने प्रोजेक्टसाठी अमेरिकेत बफेलोला पाठवलं. अमेरिका म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्कच्या उंच इमारती. बफेलो न्यूयॉर्क राज्यातच आहे, पण पार दुसऱ्या टोकाला, इरी सरोवराच्या काठावर. गावाकडे मी "न्यूयॉर्कला असतो" असंच सांगतो. खोटं नाही ना ते!

इथल्या बर्फाची गंमत आधी सांगतो. इरी सरोवर सुमारे ३९० किलोमीटर लांब आहे, नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेलं, आणि बफेलो त्याच्या बरोबर पूर्वेच्या टोकाला. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचं पाणी अजून कोमट असतं आणि वरून वाहणारा वारा गोठवणारा. तो वारा सरोवराच्या लांबीवरून येताना वाफ पितो आणि काठावर आला की सगळी बर्फ होऊन ओततो. याला लेक इफेक्ट म्हणतात. अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीला थडकणारा आपला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त इथे हा पट्टा अगदी अरुंद असतो. कशेळीत लख्ख ऊन आणि पडघ्यात धो धो, तसं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेला हॅम्बर्ग आणि ऑर्चर्ड पार्क या गावांत एका वादळात सुमारे ८० इंच बर्फ पडला. ८० इंच म्हणजे साडेसहा फुटांच्याही वर. माझी उंची पाच फूट सहा इंच. पुढचं गणित तुम्हीच करा.

मी राहतो दक्षिण बफेलोत, एका दुमजली जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर. खाली घरमालक आणि त्यांची बायको, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढची. गेल्या वर्षी घरमालकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, बर्फ उपसायचा नाही. हे नुसतं काळजीपोटी सांगतात असं नाही. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यातली काही बर्फ काढता काढता हृदय बंद पडून. मग आमचा करार झाला. दर महिन्याला शंभर डॉलर भाडं कमी, आणि बर्फ माझा. घरासमोरचा फूटपाथ मोकळा ठेवणं इथे घरवाल्याची जबाबदारी असते, शिवाय दोन घरांच्या मधून मागच्या गॅरेजपर्यंत जाणारी बोळकांडीसारखी वाट. शंभर डॉलर म्हणजे किती रुपये हा हिशेब मी मनात केव्हाच केला होता, त्यामुळे "येस" म्हणायला वेळ लावला नाही.

यंत्र त्यांचंच. स्नोब्लोअर. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: पुढे दोन-सव्वादोन फूट रुंद लोखंडी जबडा. त्यात मळसूत्रासारखी वळलेली पाती फिरतात आणि बर्फ कुरतडून मध्ये आणतात. मध्ये मागच्या बाजूला एक पंखा असतो, तो हा बर्फ वरच्या नळीतून दूर भिरकावतो. इंजिन पेट्रोलचं. मागे दोन दांडे आणि त्या दांड्यांना धरून चालणारा मी. बसायची सोय नाही. यंत्र पुढे, माणूस मागे.

हे यंत्र सुचलं कसं ते वाचलं तेव्हा मजा वाटली. कॅनडातल्या क्वेबेकमधला आर्थर सिकार्ड नावाचा माणूस, शेतकरी घरातला. धान्य मळायचं यंत्र बघून त्याला वाटलं, हेच बर्फाला का लावू नये? लोकांनी वेड्यात काढलं. बरीच वर्षं खटपट करून त्याने यंत्र बनवलं आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियलला लागून असलेल्या उत्रेमाँ गावाला पहिलं विकलं. ते ट्रकवर बसवलेलं धूड होतं. हाताने धरून मागे चालायची यंत्रं नंतर आली. पण मूळ शेतातलंच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य पात्र. आमच्या घरमालकांच्या यंत्राला केबिन आहे. म्हणजे चक्क घर! दांड्यांना क्लॅम्पने बसवलेली पाईपची चौकट, तिच्यावर काळं जाड कापड, पुढे आणि दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडक्या, डोक्यावर छप्पर. मागची बाजू उघडी, तिथून आपण आत उभं राहायचं आणि चालायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भिवंडी स्टँडवरची पावसातली रिक्षा आठवली. तेच हूड, तेच पडदे, फक्त मीटर नाही.

हे असतं कशाला? वाऱ्यासाठी. आपण बर्फ उडवतो उजवीकडे, वारा तो उचलून आणतो थेट तोंडावर. उणे दहात पिठासारखा बारीक बर्फ मानेतून आत शिरला की पाठीच्या कण्यातून जी शिरशिरी जाते ती काय वर्णावी! पहिल्या हिवाळ्यात चौकट मोडलेली होती म्हणून मी केबिनशिवाय काम केलं. पापण्या गोठल्या होत्या. या वर्षी घरमालकांनी नवीन क्लॅम्प आणून केबिन बसवून दिली आणि मी मनात म्हटलं, वा, याला म्हणतात इंजिनिअरिंग.

आणि मग एकदम पोटात काहीतरी हललं. कारण अशी केबिन मी आधी पाहिली होती. पाहिली कसली, मीच बनवली होती.

*

त्यासाठी तुम्हाला जरा भिवंडीला यावं लागेल. घाबरू नका, ट्रॅफिकमधून नाही नेत.

भिवंडी म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी माहीत. एक यंत्रमाग आणि दुसरी गोदामं. तुम्ही ऑनलाइन मागवलेल्या हेडफोनचा माग काढता तेव्हा मोबाइलवर "भिवंडीला पोहोचलं" असं येतं ना, तीच. मुंबईत जकात होती तेव्हा हद्दीबाहेर माल साठवायला गोदामं आली, २०१७ मध्ये जीएसटी येऊन जकात गेली तरी गोदामं वाढतच राहिली, कारण एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला नाशिक महामार्ग. पण त्या गोदामांच्या पत्र्याच्या भिंतींमागे अजून भाताची खाचरं आहेत. त्यातली दोन आमची. तुमचे हेडफोन जिथे रात्रभर मुक्काम करतात, त्याच्या कुंपणापलीकडे बेडूक ओरडत असतात.

आमच्याकडे आवणीला (म्हणजे भाताच्या लावणीला) इरलं वापरायचे. शहरातल्या वाचकांनी बहुतेक फोटोतच पाहिलं असेल. बांबूच्या कामट्यांचा विणलेला सांगाडा, दोन थरांमध्ये पानं भरलेली, आकार उपड्या होडीच्या अर्ध्या तुकड्यासारखा. डोक्यावर घेतलं की डोकं, पाठ, कंबर झाकली जाते. दोन्ही हात मोकळे. वाकून चिखलात रोप खोचायचं तर छत्री काय कामाची? पुढे पानांच्या जागी प्लॅस्टिक आलं, आणि आता तर रेनकोटच जास्त. पण माझ्या लहानपणी मे महिन्याच्या शेवटी आठवडी बाजारात नवी इरली विकायला यायची आणि आजा (आजोबा) ती उचलून, उलटी करून, आकाशाकडे धरून बघायचा. उजेडाचं एखादं टिपूस दिसलं तर ते परत.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी आठ वर्षांचा होतो. पाणी आमच्या पायरीला लागलं होतं, आणि आजा इरलं डोक्यावर घेऊन बांध फोडायला निघाला. खाचरातलं पाणी वाट काढून दिलं नाही तर सगळी माती घेऊन जातं. पांढऱ्या पावसात एक काळा ठिपका पुढे पुढे जाताना मला ओटीवरून दिसत होता. तो ठिपका मध्ये मध्ये थांबायचा, मान वर करून बघायचा, आणि पुन्हा चालायला लागायचा. इतकंच आठवतंय.

आजा गेल्यावर बैल विकले आणि बाबांनी अनुदानावर पॉवर टिलर घेतला. बारा-तेरा हॉर्सपॉवरचा, डिझेलचा. चिखळणीसाठी त्याला लोखंडी जाळीची चाकं लावतात. यंत्र पुढे, माणूस मागे. दोन्ही हात दांड्यांवर, पाय पोटरीपर्यंत चिखलात, वरून पाऊस. इरलं घालून टिलर चालवता येतो, पण वारं सुटलं की ते डोक्यावरून उडायला बघतं आणि धरायला हात मोकळा नसतो. म्हणून बाबा प्लॅस्टिकची खोळ घ्यायचे. संध्याकाळी घरी आले की हाताची बोटं सुरकुतलेली आणि दात वाजत. रात्रभर खोकायचे.

जुलै २०१८. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टचा विषय द्यायचा होता. सगळे जण तयार प्रोजेक्ट विकत आणायच्या तयारीत, आणि माझ्या डोक्यात आली भन्नाट कल्पना: टिलरला केबिन! खऱ्या शेतकऱ्याची खरी अडचण, खरं उत्तर. संगणकावर डिझाइन केलं. वजन किती, गुरुत्वमध्य कुठे सरकतो, कंपनं किती, सगळं काढलं. पाऊण इंची पाईप आणला, कल्याण नाक्यावर एका वेल्डिंगवाल्याकडून चौकट करून घेतली. वर निळी ताडपत्री, पुढे जाड पारदर्शक प्लॅस्टिक. बाबांची उंची मी त्यांना दाराच्या चौकटीला उभं करून मोजली. मी मोजत असताना ते हसत होते.

एका दुपारी त्यांनी ती केबिन लावून मोठं खाचर चिखळायला घेतलं. मी फोटो काढले आणि क्लासला ठाण्याला निघून गेलो. रात्री घरी आलो तर केबिन अंगणात काढून ठेवलेली.

"काय झालं? आवडली नाही?"

"चांगली हाय रं. पन त्यान वारा भरतय."

बस्स. एवढंच. परत कधी लावली नाही. ऑगस्टात आईने त्या चौकटीवर काकडीचा वेल चढवला. वेलाला काय, मांडव आयता मिळाला.

मला किती राग आला होता म्हणून सांगू! वाऱ्याचा हिशेब मी केला होता. ताडपत्रीला झडपा ठेवल्या होत्या. मित्रांना सांगितलं, "आपले शेतकरी नवीन काही स्वीकारतच नाहीत." (स्वतःच्या बापाबद्दल हे वाक्य बोललो होतो, ते आज इथे लिहिताना बरं वाटत नाहीये.) रिपोर्टमध्ये मात्र ते फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "प्रत्यक्ष शेतातील चाचणी : समाधानकारक." परीक्षकांनी पाठ थोपटली. २०१९ मध्ये आयटीत नोकरी लागली आणि विषय संपला.

एक गोष्ट कबूल करून टाकतो. त्या केबिनच्या रिपोर्टची ऐंशीच्या वर पानं होती. पण मी टिलरच्या मागे आयुष्यात एकदाही चाललो नव्हतो. "तू अभ्यास कर," म्हणून बाबांनी कधी हातच लावू दिला नाही, आणि मीही फार आग्रह धरला नाही.

*

आता परत बफेलो. तीन आठवड्यांपूर्वीचा शनिवार.

रात्रभर पडत होता. सकाळी दार उघडलं तर दीड फूट. केबिन लावलेली, टोपी, कानांवर आवाज अडवणारे मफ, आत हीटर नसला तरी घरात असल्यासारखं ऊबदार. आधी फूटपाथ केला. मग रस्ता साफ करणाऱ्या नगरपालिकेच्या नांगराने वाटेच्या तोंडावर जो घट्ट दगडासारखा ढीग रचून ठेवलेला असतो तो फोडला. हे सगळ्यात वाईट काम. मग दोन घरांमधल्या बोळात शिरलो.

बोळात वारा उलटा फिरतो. बाहेरून खिडकीवर बर्फाचा थर बसला, आतून माझ्याच श्वासाची वाफ. पुसायला एक हात सोडला की यंत्र थांबतं, कारण तशी रचनाच असते. दांड्यांवरच्या दोन कळा दाबून धरल्या तरच ते चालतं. एक कळ चाकांची, एक पात्यांची. दर मिनिटाला कोण थांबणार? मी अंदाजाने चालत राहिलो. डावीकडे घराची भिंत, उजवीकडे शेजाऱ्यांची. सरळ तर जायचंय, चुकणार काय!

मग समोर खाली काहीतरी लाल दिसलं. आकार नाही, नुसता रंग. धुरकट प्लॅस्टिकमधून एक लाल डाग.

का कोण जाणे, मी दोन्ही कळा सोडल्या.

काही क्षणांत पाती थांबली. मी बाहेर येऊन पुढे गेलो. लाल डाग म्हणजे मिठाची बादली होती. बर्फ वितळायला पायऱ्यांवर मीठ टाकतात, ती. आणि बादलीच्या पलीकडे, बाजूच्या दाराच्या पायरीवर, पाठमोऱ्या वाकलेल्या घरमालकीणबाई. मीठ पसरत होत्या. त्यांच्या बुटाची टाच यंत्राच्या जबड्यापासून दोन हातांवर.

त्यांना काहीच कळलं नव्हतं. बर्फात सगळे आवाज कुठूनही आल्यासारखे वाटतात, त्यांनाही ऐकू कमी येतं आणि कानावर लोकरीची टोपी. वळून माझ्याकडे बघून हसल्या. "गुड मॉर्निंग! केळ्याचा केक केलाय, काम झालं की खाली ये."

मी "येस, थँक यू" असं काहीतरी म्हणालो. मग गॅरेजच्या भिंतीला टेकून बराच वेळ उभा राहिलो. गुडघे थरथरत होते. थंडीने नव्हे.

वर आलो आणि बाबांना फोन लावला. इथले सकाळचे दहा म्हणजे भिवंडीत रात्रीचे साडेआठ. जेवून ओटीवर बसलेले असतात. खरं तर सांगायचं नव्हतं, उगाच काळजी करतील. पण आवाजावरून त्यांना कळलंच. मग सगळं सांगितलं. यंत्र, केबिन, वाफ, लाल बादली. ते मध्ये एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं लाईन तुटली.

मग म्हणाले, "फुरं काच हाय?"

"प्लॅस्टिक आहे. पारदर्शक."

"मंग ती इरला नाय. ती पेटी."

आणि मग, सात-आठ वर्षांनी, त्यांनी मला त्या दुपारी काय झालं ते सांगितलं. आई त्याच खाचरात होती. रोपांच्या मुठी पसरत, पाऊस जोराचा म्हणून जुनं इरलं डोक्यावर घेऊन वाकलेली. टिलर बांधाकडून वळला. पुढच्या प्लॅस्टिकवर चिखल उडालेला, वरून पाणी वाहतंय. बाबांना वाटलं समोर रिकामंच आहे. जाळीचं चाक आईच्या इरल्याला घासून गेलं तेव्हा त्यांनी क्लच ओढला. इरल्याची एक कड मोडली. बाकी काही नाही.

"ती इरल्यान, मी तुज्या पेटीन. दोगवं झाकलेली. कोन कोनाला बघनार?"

मला काय बोलावं सुचेना. "मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुना ती कॉलेजान दाखवाची व्हती ना."

नंतर ते गावातल्या कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलायला लागले. बाबांचं असंच असतं. आईने मध्येच फोन घेऊन विचारलं, केक खाल्लास का. म्हणजे ती शेजारीच बसून सगळं ऐकत होती. सात वर्षं तीही बोलली नव्हती.

*

त्या दिवसापासून डोक्यात इरलंच फिरतंय. आयटीत आपण रोज ओरडत असतो, रिक्वायरमेंट नीट घ्या, युजरला विचारा. माझ्या पहिल्या युजरला मी दाराच्या चौकटीला उभं करून उंची मोजली आणि ओला कशाने होतोस तेवढं विचारलं. चालताना तुला काय काय दिसायला लागतं, हे विचारलंच नाही. बांध कुठे, पाणी किती, समोर कोण. इरलं ज्याने पहिल्यांदा विणलं त्याला हे माहीत होतं. कारण ते विणणारा आणि घालणारा एकाच चिखलातले. म्हणून इरलं पाठ झाकतं, डोकं झाकतं आणि तोंडासमोर काही आणत नाही. तोंडावर पाऊस घ्यावाच लागतो. २००५ च्या त्या पावसात आजा मध्येच थांबून मान वर करून काय बघत होता, ते मला आत्ता कळतंय.

केबिन वाईट आहे असं म्हणायचं नाहीये. उणे पंधरात, वाऱ्यात, ती नसेल तर चेहऱ्याची कातडी जाते आणि डोळे उघडे ठेवता आले नाहीत तर तसंही काही दिसत नाहीच. म्हणून काढून टाकली नाही. पण काही बदल केलेत. घरमालकांशी बोलून दोन्ही बाजूंचे पडदे गुंडाळून बांधले, त्याने आतली वाफ बाहेर जाते आणि बाजूने माणूस दिसतो. इंजिनाचा धूरही आत कोंडत नाही. पुढच्या खिडकीला आतून भांड्यांच्या साबणाचं पाणी पुसून सुकवतो, वाफ कमी धरते. फूटपाथ केबिन लावून करतो. बोळात शिरायच्या आधी मात्र केबिनच्या पुढच्या खिडकीची चेन उघडून ती वर दुमडतो आणि गॉगल लावतो. बर्फ तोंडावर येतो. येऊ दे.

आणि सर्वांत कामाचा बदल यंत्रात नाहीये. बाजूच्या दाराबाहेर एक दिवा आहे. बाई बाहेर येण्याआधी तो लावतात. दिवा लागला की मी कळा सोडतो, त्या बाहेर येतात, मीठ टाकतात, आत जातात, दिवा बंद करतात. हे त्यांनीच सुचवलं. मी शेवटी केक खाता खाता खरं काय ते सांगून टाकलं होतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग उठून दिव्याचं बटण चालतंय का ते बघून आल्या.

घरमालक हसत म्हणाले, "मी ती केबिन फक्त मोकळ्या जागेतच वापरायचो. तुला सांगितलं नव्हतं का?" नव्हतं सांगितलं! सगळेच बाप सारखे.

(जाता जाता, ज्यांच्याकडे हे यंत्र आहे त्यांच्यासाठी एक सूचना. नळीत बर्फ अडकला तर हात घालायचा नाही, कधीच नाही. इंजिन बंद केलं तरी पट्ट्यात ताण उरलेला असू शकतो आणि अडकलेलं सुटलं की पाती एक झटका देतात. यंत्राबरोबर एक प्लॅस्टिकची काठी येते. ती याचसाठी असते. गंमत म्हणून नाही.)

असो. लेख फारच लांबला. खाली अजून पडतोय, बाहेर चार इंच जमलाय, चहा संपला की पुन्हा जायचंय.

यंदा जुलैमध्ये तीन आठवड्यांची रजा टाकली आहे. मॅनेजरने विचारलं, भारतात लग्न आहे का कुणाचं? म्हटलं, आवणी आहे. त्याला समजावून सांगायला पंधरा मिनिटं गेली. कुंपणापलीकडचे गोदामवाले आमचं धाकटं खाचर भाड्याने मागताहेत, मोठंही किती वर्षं राहील सांगता येत नाही. बाबा साठीला आले. खोकला तसाच आहे. राहील तोवर तरी त्यांच्या डोक्यावर काहीतरी नीट हवं. या वेळी आधी आठवडाभर टिलरमागे मी चालणार आहे, खोळ घेऊन, चिखलात. माप नंतर.

काल फोनवर बाबांना म्हटलं, ती जुनी चौकट अजून आहे ना? तीच कापून पुढून उघडी करू, वरून फक्त पाठीपर्यंत येईल असं छप्पर करू.

ते म्हणाले, "हाय ना. पन जुलैन नको. आयशीचा वेल असतं त्याव. काकऱ्या संपल्या का मग सोर."

आता काकड्या संपतात सप्टेंबरात. माझी रजा जुलैत. बघू. नवीन पाईप आणावा लागणार असं दिसतंय.